पाणी मोरीकडं जाईना

१

उपासनाच्या पायाला जन्मापासून भिंगरी होती. शाळेत ती बाकावर कधी पुरती टेकली नाही. विहारात आनापानाला, म्हणजे डोळे मिटून नुसता श्वास बघायला बसवलं, की चार श्वास होतात न होतात तोच तिचा एक डोळा उघडायचा आणि बाकीच्यांच्या मिटलेल्या डोळ्यांची मजा बघत फिरायचा. अशा मुलीनं पीएचडीला विषय घेतला तो पृथ्वीचं गुरुत्व मोजण्याचा. म्हणजे यंत्र मांडायचं आणि आकडा येईपर्यंत पाऊलसुद्धा न हलवता उभं राहायचं. तिचे वडील सत्याप्पा यावर खूश होते. "जिरली बघ तुझी," म्हणायचे.

यंत्र दिसायला साधी पेटी. आत बारीक स्प्रिंगला एक इवलंसं वजन टांगलेलं. पायाखालचा खडक जड असला की पृथ्वी त्या वजनाला किंचित जास्त ओढते, भुसभुशीत असला की किंचित कमी, आणि ती ओढ पडद्यावर आकड्यात दिसते. बेळगाव-खानापूर पट्ट्यात ही ओढ कुठं किती आहे, याचा नकाशा उपासनाला करायचा होता. पेटीला ऊन चालत नव्हतं, धक्का चालत नव्हता, घरी आल्या आल्या चार्जिंगला लावावी लागे आणि गाडीत पुढच्या सीटवर पट्टा बांधून बसवावी लागे. आई सोनुबाई तिला 'जावई' म्हणायची. "खरा कवा आणतीस त्यो आण, तवर ह्याचंच मानपान करतो आमी."

त्या स्प्रिंगची एक खोड होती. दिवसभराच्या फिरण्यानं ती थकायची आणि आकडे हळूहळू सरकायचे. म्हणून सकाळी ज्या जागी पहिला आकडा घेतला, त्याच जागी संध्याकाळी परत येऊन शेवटचा घ्यायचा. दोन्ही जुळले की फेरी मिटली. अशी पक्की, न हलणारी, रस्त्यावरच्या ट्रकांनी न थरथरणारी जागा उपासनानं सगळीकडं शोधली आणि शेवटी ती सापडली पिरनवाडीच्या तिच्याच घरात, आतल्या खोलीत, सत्याप्पांच्या खाटेशेजारी.

सत्याप्पा गवंडी. अर्ध्या बेळगावच्या भिंती त्यांच्या हातच्या, आणि हे घर तर विटेपासून मोरीपर्यंत त्यांचं एकट्याचं. परांचीवरून पडले आणि कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून त्या खाटेवर होते. डावा हातही जवळजवळ निकामी, उजवा तेवढा चांगला. खुणेसाठी फरशीत पितळी खिळा बसवायचा म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खाटेच्या कडेला पालथं होऊन, उजव्या हातानं सिमेंट कालवून, स्वतः बसवला.

"आमच्या घरातनं पृथ्वी मोजाय सुरुवात हुतीया," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

सकाळ-संध्याकाळ बापलेक त्या खिळ्यापाशी श्वास धरून आकड्याची वाट बघत. सोनुबाई बाहेरून चहाला हाक मारी आणि उपासनाचं उत्तर ठरलेलं असे. "येते की, एवढं रीडिंग होऊ दे." सोनुबाई तिची नक्कल करून दाखवायची, आणि तिघंही हसायची.

२

पावसाळा सरत आलेला. नंदगडच्या पुढं जांभ्या दगडाचा एक उघडा माळ आहे. खळग्याखळग्यांत पावसाचं पाणी साचलेलं, मधे मधे जांभळी रानफुलं. येळ्ळूरचा गुंडू आपली व्हॅन घेऊन तिच्याबरोबर होता. त्यानं गाडी झाडाखाली लावली, उपासनानं माळाच्या मध्यावर पेटी मांडली, सपाटी दाखवणाऱ्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला आणि उभी राहिली.

आकडा आला तो चांगलाच मोठा.

तिनं परत घेतला. आणखी मोठा आला. तिसऱ्यांदा त्याहून मोठा. मग तिनं अशी आरोळी ठोकली, की गुंडू काठी घेऊन धावत आला. त्याला वाटलं, साप निघाला.

"गुंडूअण्णा, सापडलं! खाली काहीतरी हाय! लई जड, लई मोठं!"

"सोनं काय?"

"सोन्याहून भारी."

"मग वाटणीचं आत्ताच बोलू," असं म्हणून गुंडू पुन्हा सावलीला गेला.

खरं तर आकडा मोठा येण्यात नवल नव्हतं. खाली घट्ट खडकाची लगड असू शकते. नवल होतं आकडा वाढण्यात. खडक काही दुपारी खाल्ल्यासारखा फुगत नाही. यंत्र तापलं असेल, स्प्रिंग थकली असेल, हे सगळं तिला कळत होतं. पण आनंद असा झाला होता, की ती पेटीसमोर मांडी घालून बसली ती ऊन कलेपर्यंत उठली नाही. तहान नाही, भूक नाही, पायाला मुंग्यासुद्धा नाहीत. आकडा येई, आधीच्यापेक्षा केसभर मोठा, आणि तिच्या पोटात गोड कळ उठे. जन्मात पहिल्यांदाच ती एवढा वेळ एका जागी स्थिर बसली होती.

संध्याकाळी तिनं पिरनवाडीला खिळ्यावर पेटी ठेवली. सकाळच्यापेक्षा आकडा जास्त होता. फेरी मिटली नाही. 'स्प्रिंग' असं पुटपुटून तिनं जावईबापूंना चार्जिंगला लावलं आणि दोनदा भात घेतला.

३

"अवो, पाणी मोरीकडं जाईना," सकाळी सोनुबाई फरशी धुता धुता म्हणाली.

"जाईना म्हंजे? कुठं जातंय मग?" सत्याप्पांनी खाटेवरून विचारलं.

"तुमच्याकडं."

उपासना ब्रश तोंडात धरूनच आत आली. सोनुबाईनं दारातून बादली उपडी केली होती. पाण्यानं दाराजवळच्या मोरीकडं पळायचं, तर ते सावकाश, रुंद होत, खाटेखाली चाललं होतं. तिथं पोचून ते गोल थांबलं.

सत्याप्पांचा चेहरा लाल झाला. "माझ्या हातचा ढाळ हाय त्यो! एवढी वरसं पाणी जातंय तिकडं. न्हाणीतली घूस आत शिरून फरशी दबली असंल. घराला न्हाय काय झालेलं."

"न्हाय कोण म्हणतंय? पण पाणी तुमचं ऐकंना त्येला मी काय करू?" सोनुबाईनं झाडूनं पाणी मोरीकडं लोटलं. झाडू उचलताच ते मागं फिरलं.

उपासनाला हसू आलं. एखाद्या जड वस्तूनं पाणी आपल्याकडं ओढून घ्यायचं, तर घराखाली आख्खा डोंगर हवा. डोंगरालाही तेवढं जमत नाही. फरशीच दबली असणार. तिनं तोंड धुतलं आणि खिळ्यावर पेटी मांडली. आकडा काल संध्याकाळपेक्षाही मोठा होता.

तिनं मार्गदर्शक प्रियदर्शनी मॅडमना फोन लावला.

"यंत्र बिघडलंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जुन्या जागांवर जाऊन पाहा. तिथंही चुकलं तर पाठवून दे."

"आणि तिथं बरोबर आलं तर?"

"तर उपासना, तू मला पुन्हा फोन कर. कितीही वाजलेले असोत."

त्या दिवशी गुंडूनं तिला येळ्ळूरच्या शेतांत, देसूरच्या रस्त्याला, सगळ्या जुन्या जागांवर फिरवलं. प्रत्येक आकडा जसाच्या तसा, केसाचाही फरक नाही. मग ती परत नंदगडच्या माळावर गेली. काल जिथं ती आनंदानं ओरडली होती, तिथं आता आजूबाजूला असतो तसा साधा, बिनमहत्त्वाचा आकडा होता.

काल इथं जे होतं, ते आज इथं नव्हतं.

अंगावर काटा आला, तो भीतीचा नव्हता. जमिनीखाली डोंगराएवढं काहीतरी एका दिवसात जागा बदलतं, आणि ते जगात फक्त तिला ठाऊक आहे! परतीच्या वाटेवर ती एवढी बोलत होती, की गुंडूनं रेडिओ बंद केला.

४

घरी आली तेव्हा सत्याप्पांचा चहा स्टुलावर साय धरून पडला होता.

"घ्या की आप्पा."

"घेतो. हात जरा जड झालाय."

त्यांनी उजवा हात उचलला. तो कपापर्यंत गेला, कपाच्या कानाला बोटं लागली, आणि तिथून हात खाली खाटेवर पडला. पडताना असा आवाज झाला, जसा ओल्या वाळूचं पोतं टाकल्यावर होतो. बापाचा वाळलेला, हलका हात तिनं कितीदा धुतला होता. तिनं तो उचलायला घेतला आणि तिला दुसरा हात लावावा लागला.

मग तिचं लक्ष खाटेच्या पायांकडं गेलं. चारही पाय फरशीत रुतले होते. शहाबादी फरशीला तडा नव्हता. मऊ लोण्यात रुतावेत तसे ते खाली गेले होते.

डॉक्टर येऊन गेले. रक्तदाब ठीक, छाती ठीक. अशक्तपणा आहे म्हणाले.

"छातीवर कुणी बसल्यागत वाटतंय का आप्पा?" उपासनानं विचारलं.

"वर न्हाय गं कोण," सत्याप्पा म्हणाले. श्वास घ्यायला मधे थांबावं लागत होतं. "खालनं वढतंय."

आता मात्र तिला भीती वाटली. ती आणि गुंडू मिळून सत्याप्पांना बाहेरच्या सोप्यात हलवायला लागले. त्यांचं अंग मुळी उरलं नव्हतं. एरवी ती एकटी त्यांना कूस बदलून देई. त्या दिवशी शेजारचे दोघं बोलवावे लागले, आणि चौघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या. उंबरा ओलांडल्यावर मात्र ते एकदम हलके झाले. इतके, की गुंडूचा तोल गेला.

"बघा," सोनुबाई म्हणाली, "त्या खोलीतच काय तरी हाय. आता कुलूप घालतो तिला."

सत्याप्पांनी सोप्यात दोन घास खाल्ले, आपल्या हातानं पाणी घेतलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सकाळी सोनुबाईनं सोपा पुसायला पाणी टाकलं आणि ती दोन पावलं मागं सरली. उपासनानं दारातून पाहिलं. पाणी उंबऱ्याकडं गेलं नव्हतं.

५

आतल्या खोलीतल्या खिळ्यावर आकडा आता जुना, शहाण्यासारखा आला. सोप्यात खाटेजवळ पेटी ठेवली तर आकडा धावत सुटला. म्हणजे खोलीचा दोष नव्हता, घराचाही नव्हता.

उपासना पायरीवर जाऊन बसली, उठली, पुन्हा बसली. तर्कानं जायचं ठरवलं, कारण तर्क सोडून तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. ते माळावर होतं. माळावरून घरी आलं. घरात सोनुबाई होती, पण ती दिवसभर चुलीपासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालणार. उपासना तर कधी टेकणार नाही. राहिले आप्पा. दिवसभर एका जागी. आणि सकाळी पाठीवर पडून आनापान करायचे तेव्हा तर श्वासाखेरीज काहीच हलत नसे.

आणि माळावर? माळावर त्या दुपारी दगडासारखं कोण बसलं होतं? आकडा तिथं होता म्हणून ती बसली नव्हती. ती बसली म्हणून आकडा वाढत होता.

रोज संध्याकाळी फेरी मिटवायला घरी यायचं, ही शिस्त तिचीच. घरातच, बापाच्या उशाशी खूण हवी, हा हट्टही तिचाच. वाट तिनंच दाखवली होती.

"आई, आप्पांना गाडीत घाल. गुंडूअण्णा, मागची सीट काढा, गादी टाका."

"दवाखान्यात ना?" सोनुबाईनं विचारलं.

"दवाखान्यातच. पण मी फोनवर सांगेपर्यंत गाडी थांबवायची न्हाय. फिरवत ऱ्हायची. आधी मला माळावर सोडा."

"येडी झालीस काय? बाप जीव धरून पडलाय आन तू मोजाय चाललीस?"

उपासनानं आईचे दोन्ही खांदे धरले. "आई, त्येला गप बसलेलं माणूस लागतंय. आप्पा हलत ऱ्हायले आन दुसरं कोण तरी गप बसलं, तर त्ये तिकडं जाईल. मला एवढंच कळलंय. चुकलं तर मला मार, पण आता चल."

सोनुबाईनं पदर खोचून गादीचं एक टोक धरलं.

६

खानापूरपर्यंत रस्ता सपाट आहे. तरी व्हॅन पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना.

"चढाला लागल्यागत वढतीया गाडी," गुंडू म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "आक्का, मागनं कोण धरलंय काय गं?"

"बघू नका मागं. चालवा."

खानापूर ओलांडलं आणि गाडी सुटली. गुंडूनं दचकून ब्रेकवर पाय ठेवला. उपासना ओरडली तसा काढला. माळावर गाडी नुसती हळू केली; तिनं पेटी छातीशी धरून उडी मारली. मागच्या काचेतून सोनुबाईचा हात हलला आणि व्हॅन वळण घेऊन दिसेनाशी झाली.

उन्हं स्वच्छ होती. रानफुलं डोलत होती. उपासनानं त्याच जागी पेटी मांडली, बुडबुडा मधोमध आणला, फोन स्पीकरवर चालू ठेवून समोर दगडावर ठेवला आणि मांडी घातली. एवढी धडपडी मुलगी, पण त्या वेळी तिला कसलीच घाई नव्हती. श्वास आत येतोय, श्वास बाहेर जातोय. विहारात जे कधी जमलं नव्हतं, ते आपोआप जमत होतं.

आकडा साधाच होता. कितीतरी वेळ साधाच राहिला. फोनवर फक्त व्हॅनची घरघर आणि मधूनच गुंडूचं "ए बाजूला हो रं!" आपण चुकलो, असं तिला वाटायला लागलं. आप्पांना उगाच हाल दिले.

आणि मग आकडा केसभर वाढला.

तिनं पापणीही हलवली नाही. पुन्हा वाढला. पुन्हा. ये, ती मनात म्हणाली, ये, इकडं ये. छातीत असा आनंद उसळला, की तिला रडू फुटलं. गालावरचं पाणी नेहमीपेक्षा फार वेगानं खाली गेलं. आकडा परवाच्या आकड्याला मागं टाकून गेला. कुठल्या डोंगरावर, कुठल्या समुद्रावर, कुणाही माणसानं असा आकडा कधी पाहिला नसेल. प्रियदर्शनी मॅडमना सांगायला हवं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पलीकडच्या खळग्यातलं पाणी तेव्हा हललं. वारा नव्हता. खळगा तिच्यापेक्षा खाली होता. त्यातल्या पाण्यानं काठ ओलांडला आणि ते चढानं, सावकाश, रुंद होत तिच्याकडं यायला लागलं. मागच्या खळग्यातलंही. डावीकडचंही. चारी बाजूंची रानफुलं तिच्याकडं वाकली होती. बसलेल्या जागेखाली जांभा दगड मऊ लागत होता, आणि त्या मऊपणाखाली, अगदी जवळ, काहीतरी तिच्याइतकंच गप बसलं होतं.

"उपा!" फोनमधून सत्याप्पांचा आवाज आला. मोकळा, पूर्वीसारखा खणखणीत. "अगं हात उचलला बघ! आपल्या हातानं च्या प्यालो, चालत्या गाडीत. निम्मा गुंडूच्या पाठीवर सांडला, पण प्यालो!"

"खरं आप्पा?"

"खरं म्हंजे? आंग कसं पिसागत झालंय. तुझं बरोबर हुतं बघ पोरी."

पाणी तिच्या पायाच्या बोटांना लागलं. ते थंडगार होतं.

"आता लई झालं," सत्याप्पा म्हणाले. "ऊठ तिथनं. आमी न्ह्याला येतो. घरला जाऊ."

उपासनानं मांडीवरचा हात उचलायचं ठरवलं. हात मांडीवरच राहिला. बोटं हलवून पाहिली, तीही तिथंच राहिली. तिनं श्वास घेतला. तो पूर्ण भरायला मधे थांबावं लागलं. पडद्यावर आकडा चढत होता. आवाज कापू नये म्हणून तिनं आधी ओठ ओले केले.

"गाडी थांबवू नका, आप्पा," ती म्हणाली. "येते की मी. एवढं रीडिंग होऊ दे."

फोनमधून सोनुबाई हसली आणि नेहमीसारखी तिची नक्कल करायला लागली.